टाके घालायची घाई नको: किरकोळ जखमांच्या बाबतीत या चुका टाळा

कॅज्युअल्टीत नव्याने आलेल्या प्रत्येकाला टाके घालायची भलती हौस असते. जखम धुवायला मात्र कुणाला वेळ नसतो. चिघळून परत आलेल्या जखमेची चौकशी केली, तर बहुतेक वेळा धुण्यातच कसूर झालेली सापडते.

सलाईनचे चार थेंब शिंपडले म्हणजे जखम धुतली, असं होत नाही. पिण्याजोगं नळाचं पाणीही चालतं, पण ते धारेने आणि भरपूर हवं. मी घड्याळ बघून निदान ५ मिनिटं धार सोडते. खरचटलेल्या कातडीत रुतलेली माती आणि बारीक खडी निघालीच पाहिजे. राहिली तर कातडी तिच्यावरच भरून येते आणि काळपट निळा डाग कायमचा बसतो. पेशंटला सोसत नसेल तर भूल द्या, पण धुणं उरकू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड फसफसलं की जंतू मेल्याचं समाधान मिळतं. त्यात जखम भरून आणणाऱ्या पेशीही मरतात. ती बाटली आणि स्पिरीट मी उघड्या जखमेजवळ येऊच देत नाही.

भूल देण्याआधी जखमेच्या पुढचा भाग हलतो का, तिथे स्पर्श कळतो का, हे तपासा आणि लिहून ठेवा. एकदा बधिर केल्यावर काही कळायचं नाही.

आता मुठीवरची चीर. ही चूक बघितली की माझं डोकंच फिरतं. एक तरुण आला होता. करंगळीच्या मुळाशी, मुठीच्या उंचवट्यावर जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची चीर. ‘दार लागलं,’ म्हणाला. ड्यूटीवरच्या नवख्या डॉक्टरने तळहात टेबलावर टेकवून, बोटं सरळ ठेवून जखम बघितली, दोन टाके घातले आणि घरी पाठवलं. परत आला तेव्हा हात टम्म सुजलेला, टाक्यांमधून गढूळ पू, बोटाला नुसता हात लावला तरी कळवळत होता. मूठ दारावर नाही, समोरच्याच्या दातावर बसली होती. दात थेट सांध्यात गेला होता. ऑपरेशन करून सांधा धुवावा लागला.

आवळलेल्या मुठीत टेंडनला, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीला, पडलेली चीर बोटं सरळ केली की मनगटाकडे सरकते आणि वरून सगळं ठीक दिसतं. म्हणून अशी जखम मूठ वळायला लावूनच बघा आणि दाताचीच आहे असं धरून चाला. टाका घालू नका. एक्स-रे काढा, धुवा, अँटिबायोटिक सुरू करा आणि सर्जनला बोलवा. नातेवाइकांना बाहेर पाठवून शांतपणे विचारलं की पेशंट खरं सांगतात.

रक्त थांबलं का हे बघायला सारखा गॉझ उचलू नका. सलग १० मिनिटं दाबून धरा. उघड्या जखमेवर कापूस नको, तंतू चिकटतात. बोटं सुजण्याआधी अंगठी काढा. काच एक्स-रेत बहुधा दिसते, लाकडाची कुसळं दिसत नाहीत, त्यांच्यासाठी सोनोग्राफी. कुत्र्याने नुसतं ओरबाडलं तरी साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीचं त्याच दिवशी ठरवा. धनुर्वाताचे डोस पूर्ण झालेले असले, तरी मळलेल्या जखमेला शेवटचा डोस ५ वर्षांच्या आतला हवा, स्वच्छ किरकोळ जखमेला १० वर्षांच्या.

लाली दिसली तर तिच्या कडेने मी पेनाने रेघ ओढते. लाली रेघेबाहेर गेली, ठणका वाढला किंवा ताप आला, तर रात्र असली तरी लगेच परत यायला सांगते.