लूज भिडूच्या हातातली पाने कशी अजमावावीत

पोकरच्या स्पर्धेत एखादा भिडू एकामागून एक डावात उतरताना दिसला, की त्याच्याकडे काही नसणारच असे गृहीत धरून त्याला कॉल करण्याचा, म्हणजे त्याच्या पैजेइतक्या चिप्स घालून डावात राहण्याचा, मोह होतो. हे गृहीतक किती वेळा खरे ठरेल याचा अंदाज आकड्यांत मांडता येतो, आणि तो मांडल्याशिवाय चिप्स पणाला लावू नयेत. येथील सर्व हिशोब टेक्सास होल्डेमचा आहे, म्हणजे प्रत्येकाला दोन झाकलेली पाने आणि मेजावर पाच सामायिक पाने असलेल्या पोकरचा.

सर्वप्रथम तो भिडू खरोखर लूज, म्हणजे कमजोर पानांवरही खेळणारा, आहे का, हे तपासावे. समजा, लूज भिडू निम्मे डाव खेळतो आणि सावध भिडू पाचांतला एक. मग त्याने खेळलेला प्रत्येक डाव लूजपणाची शक्यता सावधपणाच्या तुलनेत अडीचपट करतो (0.5 भागिले 0.2), तर सोडलेला प्रत्येक डाव ती 0.625 पटीवर आणतो (0.5 भागिले 0.8). 12 पैकी 6 डाव खेळले असल्यास हा गुणाकार सुमारे 14.5 येतो आणि पुरावा भक्कम ठरतो. मात्र 12 पैकी 4 खेळले असल्यास तो जेमतेम 0.91 येतो, म्हणजे एक तृतीयांश डाव खेळणाऱ्याबद्दल एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. बिग ब्लाइंडवर (पाने पाहण्याआधीच मोठी सक्तीची पैज भरणाऱ्या जागेवर) फुकटात पाहिलेला फ्लॉप (पहिली तीन सामायिक पाने) या मोजणीत धरू नये.

पुढचे काम हातांच्या, म्हणजे भिडूला मिळू शकणाऱ्या दोन पानांच्या संचांच्या, मोजणीचे. 52 पानांतून दोन पाने 1,326 प्रकारे येऊ शकतात. कोणतीही एक जोडी 6 प्रकारे, तर एक्का-राजा 16 प्रकारे. आपली दोन पाने वगळली, की समोरच्यासाठी 1,225 प्रकार उरतात. आता स्मॉल व बिग ब्लाइंड या सक्तीच्या पैजा 500 व 1,000 आहेत, बिग ब्लाइंडने भरायचा अँटी (जादा सक्तीची रक्कम) 1,000 आहे आणि बटनवरच्या (वाटप करणाऱ्याच्या जागेवरच्या) भिडूने 10,000 चिप्स ऑल-इन केल्या आहेत, म्हणजे आपल्या सगळ्या चिप्स पणाला लावल्या आहेत, असे समजू. स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली आहेत, आणि बिग ब्लाइंडवर आपल्याकडे वेगवेगळ्या रंगांचे एक्का-गुलाम आहेत. आपल्याला आणखी 9,000 घालून एकूण 21,500 च्या पॉटसाठी (मध्ये जमलेल्या चिप्ससाठी) खेळायचे आहे, त्यामुळे किमान 42 टक्के वेळा जिंकणे आवश्यक आहे.

आपल्याला खरोखर दाबणारे, म्हणजे आपल्या एक्का-गुलामापेक्षा बरेच पुढे असणारे, हात थोडे आहेत. एक्के आणि गुलाम यांच्या जोड्या आपल्याच पानांमुळे प्रत्येकी 3 प्रकारांवर येतात, राजे व राण्यांच्या जोड्या प्रत्येकी 6, एक्का-राजा 12 आणि एक्का-राणी 12, एकूण 42. फक्त नव्वे किंवा त्यावरच्या जोड्या, एक्का-राजा आणि एक्का-राणी यांवरच ऑल-इन करणाऱ्या सावध भिडूचे एकंदर प्रकार 54 असतात. त्यांतले 42 आपल्याला दाबतात आणि आपली जिंकण्याची शक्यता सुमारे 30 टक्क्यांवर येते. निम्म्या हातांवर ऑल-इन करणाऱ्याकडे मात्र सुमारे 612 प्रकार असतात, त्यांत हेच 42 असतात, आणि आपली शक्यता साधारण 60 टक्के होते.

खुद्द ऑल-इन हाही पुरावा असतो, आणि बहुतेकांच्या हिशोबातून नेमका तोच सुटतो. सावध भिडू 1,225 पैकी 54 प्रकारांवरच तो करतो, लूज भिडू 612 प्रकारांवर. म्हणून आधी दोन्ही शक्यता समान वाटत असल्या, तरी ऑल-इननंतर पारडे सुमारे 11 पटींनी लूजपणाकडे झुकते. 30 आणि 60 च्या मिश्रणातून 42 गाठण्यासाठी तो लूज असण्याची शक्यता 40 टक्के असली तरी पुरते.

हा सगळा हिशोब लूजपणा नेमक्या कोणत्या कृतीत आहे यावर अवलंबून आहे. पुष्कळ भिडू कॉल करण्यात अत्यंत सैल आणि रेझ करण्यात (पैज वाढवण्यात) कमालीचे कंजूष असतात. अशांनी रिव्हरवर (शेवटच्या सामायिक पानानंतर) अचानक रेझ केले, तर त्यांना 612 प्रकारांचे नव्हे, 54 प्रकारांचे भिडू मानावे. त्यांच्यासमोर ब्लफही (कमजोर पानांवर पैज लावून घाबरवणे) करू नये, कारण ते पाने टाकत नाहीत. याउलट, आपल्याकडे मजबूत हात असेल तेव्हा त्यांच्याविरुद्ध मोठी पैज लावावी.

बक्षिसांच्या उंबरठ्यावर, ज्याला बबल म्हणतात, तेथे गमावलेल्या चिप्सची किंमत कमावलेल्या चिप्सपेक्षा जास्त असते. त्यामुळे 42 हा आकडा तेथे अपुरा पडतो. ऑल-इन करणारा आपल्याला पूर्ण बाहेर काढू शकत असेल, तर तो बराच वर न्यावा लागतो. शोडाउनला, म्हणजे डावाच्या शेवटी, पाने उघडली, की ती कोणत्या जागेवरून आणि किती बिग ब्लाइंडइतक्या चिप्सवर खेळली गेली हे टिपून ठेवावे. 8 बिग ब्लाइंडइतक्याच चिप्स उरलेल्या भिडूने बटनवरून कमजोर एक्क्यावर केलेला ऑल-इन लूजपणाचा पुरावा नसतो, पण 40 ब्लाइंड असताना त्याने पहिल्या जागेवरून तेच केले, तर तो नक्कीच असतो.