पांढरीतलं घर वाचायचं कसं

पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं मातीचं टेकाड. तिथल्या उत्खननावर पहिल्यांदा आलेल्या मुलामुलींना मी आधीच बजावते, आज वस्तू शोधायची नाही, जमीन शोधायची. सारवलेली, चोपलेली, कुणाच्या तरी पायाखालची घराची जमीन. खुरपी हलक्या हाताने आडवी ओढत राहिलात, की भुसभुशीत माती संपते आणि खाली घट्ट थर लागतो. त्याची कड नीट पाहा. भाकरीच्या पापुद्र्यासारखे पातळ थर एकावर एक दिसले, तर ती पुन्हा पुन्हा सारवलेली जमीन. तिथे खाली जाणं थांबवा आणि बाजूला सरका.

हा धीर इनामगावने शिकवला. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या या टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक वर्षं खणलं. ह. धी. संकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या त्या कामात शंभराहून जास्त घरं उघडी झाली. वस्तीचा काळ साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. अरुंद खड्डा खोल नेला असता तर कालक्रम कळला असता, पण चूल कुठे, धान्य कुठे आणि शेजारचं घर किती अंतरावर, हे कळायला आडवंच खणावं लागतं.

जमीन मिळाली की एकही वस्तू लगेच उचलायची नाही. आधी आलेखाच्या कागदावर घर काढा. खांबांचे खड्डे सभोवतालच्या मातीपेक्षा मऊ आणि गडद असतात. ते जोडले की घराचा आकार उभा राहतो. मग चूल, पाटा, पेव म्हणजे धान्य साठवायचा खड्डा, आणि कणगीचा ओटा मांडा. प्रत्येक खापराची जागा लिहा. चुलीजवळचं खापर आणि उकिरड्यातलं खापर दिसायला सारखं असलं तरी ते वेगळी गोष्ट सांगतं. पिशवीत एकत्र पडलं की ती गोष्ट गेली, आणि ती परत मिळवता येत नाही.

आता माझं सगळ्यात आवडतं काम, माती पाण्यात तरंगवणं. चुलीतली, पेवातली आणि तुलनेसाठी घराबाहेरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. चिठ्ठी पिशवीच्या आतही टाका, बाहेरही बांधा. बादलीभर पाण्यात माती हळूहळू सोडून हाताने ढवळा. जळून कोळसा झालेले दाणे हलके असतात, ते वर येतात. वरचं पाणी बारीक कापडावर ओता आणि गोळा झालेलं सावलीत वाळवा. उन्हात झटकन वाळले तर दाणे तडकतात. हे दाणे तीन हजार वर्षं टिकतात, कारण कोळशाला जंतू खात नाहीत. इनामगावला असे जव, गहू, मसूर, वाटाणा आणि तीळ मिळाले. बोरं, जांभळं आणि आवळेही लोक गोळा करत होते. जव हे मुख्य पीक होतं. पण जळलेलंच टिकतं, हे कधीही विसरू नका. भाजताना सांडलेलं धान्य सापडतं, रोजची पालेभाजी बहुधा सापडत नाही. म्हणून यादीत नाही ते ताटात नव्हतं, असं मी कुणाला लिहू देत नाही.

हाडांसाठी बारीक चाळणी घ्या, नाहीतर माशांचे काटे मातीबरोबर निघून जातात. सांध्याजवळ सरळ बारीक रेघा असतील तर सुरीने मांस सोडवलं आहे. खळगे आणि कुरतडलेली टोकं असतील तर ते कुत्र्याचं काम. दातांच्या झिजेवरून जनावर कितव्या वर्षी मारलं याचा अंदाज येतो, आणि त्यावरून ते मांसासाठी पाळलं की दूध-नांगरासाठी, हे ठरवायला मदत होते.

वहीच्या पानाचे दोन उभे भाग करा. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. इनामगावला मेलेल्या लहान मुलांना तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरलेलं आढळलं. मोठ्या माणसांपैकी अनेकांचे घोट्याखालचे पाय कापलेले होते. हे डावीकडे. मेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून पाय कापले असतील, हे उजवीकडे. नंतरच्या काळात मोठ्या चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या आल्या, हे डावीकडे. ढवळीकरांनी त्यामागे कोरडं होत गेलेलं हवामान मानलं, ते उजवीकडे. मुलांची मडकी उघडताना मात्र मी सगळ्यांना बोलणं थांबवायला सांगते. ते कुणाचं तरी लेकरू आहे.

खणण्याचा परवाना नसेल तर खणू नका, अगदी हातभरही नाही. पण तुमच्या गावची जुनी पांढरी शेतात टाकायला ट्रॉलीने नेली जात असेल, तर मध्ये पडा, कारण त्या मातीबरोबर घरंच्या घरं जातात. नांगरताना रंगवलेलं खापर किंवा हाडं दिसली, तर जागेवरच ठेवून शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा आणि फोटो काढा. मग तहसील कार्यालयाला किंवा राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा. अर्जात गट नंबर आणि जवळच्या विहिरीची किंवा ओढ्याची दिशा लिहा. ‘गावाच्या पूर्वेला’ एवढ्यावर कुणालाही जागा सापडत नाही.