'हू'च्या पुढे हॅज की हॅव? मागे वळून बघा

परवा ऑफिसात एक मेल माझ्याकडे चेक करायला आला, त्यात वाक्य होतं, 'प्लीज फाइंड अटॅच्ड द लिस्ट ऑफ व्हेंडर्स हू हॅज नॉट सबमिटेड देअर बिल्स'. लिहिणारा पोरगा हुशार आहे, 'व्हेंडर्स हॅज' असं तो झोपेतसुद्धा लिहिणार नाही, पण मधे 'हू' आला आणि गाडी घसरली. ही चूक आपल्याकडे चिक्कार दिसते आणि माझं मत विचाराल तर यात आळसाचा दोष कमी आणि मराठीचा जास्त आहे.

कसं ते बघा. मराठीत आपण म्हणतो जो मुलगा येतो, जी मुलगी येते, जे मुलगे येतात, ज्या मुली येतात. म्हणजे जो-जी-जे-ज्या हे शब्द स्वतःच सांगून टाकतात की बाई आहे का बुवा, एक आहे का चार. इंग्लिशमधला 'हू' मात्र एक नंबरचा घुम्या, एकासाठी पण हू, शंभरांसाठी पण हू, आणि 'विच' नि 'दॅट'चं पण तेच. आपण त्याच्या तोंडाकडे बघतो, तो दिसतो एकटाच, मग आपण एकवचनी क्रियापद लावून मोकळे होतो. तर पहिलं काम म्हणजे 'हू'वर बोट ठेवायचं, मागे जायचं, आणि मनातल्या मनात तिथे मराठी शब्द बसवायचा. बिलं कोणी दिली नाहीत, लिस्टने का व्हेंडर्सनी? ज्यांनी दिली नाहीत ते व्हेंडर्स, म्हणजे अनेकवचन, म्हणजे 'हू हॅव नॉट'.

आता यावरून कोणी असं ठरवेल की 'हू'ला चिकटून जो शब्द आहे तोच धरायचा, तर तसं नाहीये बरं का. 'द लिस्ट ऑफ व्हेंडर्स दॅट वॉज मेल्ड यस्टरडे' यात पण 'व्हेंडर्स' चिकटूनच बसलेत, पण काल मेल झाली ती लिस्ट, व्हेंडर्सना कोणी अटॅच करून पाठवत नाही, म्हणून 'वॉज'. जवळचा शब्द बघायचा नाही, अर्थ बघायचा.

दुसरी गोष्ट जरा नीट वाचा कारण इथे मराठी आपल्याला अगदी बेमालूम पाडते. दर वेळी 'हू' किंवा 'दॅट' हाच कर्ता असतो असं नाही. 'द बुक्स दॅट शी रीड्ज' यात वाचणारी ती आहे, पुस्तकं नाहीत, म्हणून क्रियापद 'शी'चं ऐकणार. ओळखायची खूण सोपी आहे, 'दॅट'च्या लगेच पुढे 'शी', 'माय ब्रदर', 'द कंपनी' असं कोणी नवीन उभं असेल तर क्रियापद त्याचं. पण मराठीत काय होतं, 'तिने जी पुस्तकं वाचली आहेत'. हे 'आहेत' कोणामुळे आलं? पुस्तकांमुळे! शाळेत कर्मणी प्रयोग शिकलो होतो तोच हा, 'तिने' म्हटलं की क्रियापद तिला सोडून पुस्तकांच्या मागे जातं. मग तेच डोक्यात ठेवून माणूस लिहितो 'द बुक्स दॅट शी हॅव रेड'. इंग्लिशमध्ये असली भानगडच नाही, तिथे पुस्तक एक असो नाहीतर पन्नास, 'शी हॅज रेड'च राहणार.

तिसरा खड्डा आदराचा. 'आमचे सर जे गणित शिकवतात', 'माझे आजोबा जे साताऱ्याला राहतात', इथे माणूस एकच आहे पण आपण मान देऊन अनेकवचन वापरतो. तेच संस्कार घेऊन इंग्लिशमध्ये गेलं की 'माय ग्रँडफादर हू लिव्ह इन सातारा' होतं. आजोबांचा कितीही मान असला तरी ते एकच आहेत, 'लिव्ज'च येणार, आणि त्यात अपमान नाही, राष्ट्रपतींना पण एसच लागतो.

एसवरून आठवलं, 'बॉय हू प्लेज, बॉइज हू प्ले', म्हणजे एस एकतर नावाला नाहीतर क्रियापदाला, ही युक्ती वर्तमानकाळात बरीचशी चालते, पण 'पीपल', 'चिल्ड्रन', 'मेन' यांना शेवटी एस नसून ते अनेकवचनी आहेत, त्यामुळे 'पीपल हू थिंक्स' लिहू नका. आणि 'एव्हरीवन'चं उलटं. आपण त्याचं भाषांतर करतो 'सगळे', मग 'ज्या सगळ्यांनी फॉर्म भरलेत'वरून 'एव्हरीवन हू हॅव फिल्ड' लिहून बसतो. त्याऐवजी 'प्रत्येकजण' असं भाषांतर करा, आपोआप 'हू हॅज' येईल. 'सगळे' म्हणायचंच असेल तर 'ऑल दोज हू हॅव'.

आता परीक्षावाल्यांचा लाडका प्रश्न, 'वन ऑफ'. एमपीएससी असो नाहीतर बँकेची परीक्षा, चूक शोधा म्हटलं की हे वाक्य कधी ना कधी भेटतंच. 'ही इज वन ऑफ दोज पीपल हू कम लेट', कम का कम्ज? मराठी करून बघा, 'जे उशिरा येतात अशा लोकांपैकी तो एक'. जे येतात, म्हणून 'कम'. आणि 'ही इज द ओन्ली वन ऑफ देम हू कम्ज लेट' म्हणजे 'त्यांच्यात तो एकटाच असा, जो उशिरा येतो', म्हणून 'कम्ज'. जे का जो, एवढाच खेळ आहे, इथे मराठी चक्क आपल्या बाजूने उभी राहते. खरं सांगायचं तर ज्यांची मातृभाषा इंग्लिश आहे ते पण पहिल्या वाक्यात सर्रास 'कम्ज' म्हणतात, मेरियम-वेबस्टर या अमेरिकन डिक्शनरीवाले सुद्धा दोन्ही चालवून घेतात, पण पेपरात मार्क हवे असतील तर अनेकवचन करा, वाद नंतर घाला. अजून एक, 'वन ऑफ द बॉइज हू प्ले हिअर इज माय कझिन' यात क्रियापदं दोन आणि मालकही दोन, 'प्ले' मुलांचं आणि 'इज' त्या एकाचं, दोघांना एकच नियम लावायला जाऊ नका.

'मी'चा मामला थोडा विचित्र आहे. 'इट इज आय हू ॲम रिस्पॉन्सिबल', हे व्याकरणाने बरोबर, कारण 'हू'च्या मागे 'आय' आहे. आपल्याला 'ॲम' खटकतं कारण मराठीत मी पण आहे आणि तो पण आहे, फरकच नाही. मी कॉन्व्हेंटात होते तेव्हा रोज सकाळी प्रार्थनेत 'आवर फादर, हू आर्ट इन हेवन' म्हणायचो आणि माझी कितीतरी वर्षं समजूत होती की देव वर बसून चित्रं काढतोय. ते 'आर्ट' म्हणजे जुन्या इंग्लिशमधलं 'तू आहेस'मधलं 'आहेस'. देवाला हाक मारून बोलतोय, म्हणून 'हू'च्या पुढे 'तू'चं क्रियापद आलं, नियम तोच. बोलताना मात्र लोक 'इट्स मी हू इज' असंच म्हणतात, आणि तुम्हाला दोन्ही नको असेल तर सरळ 'आय ॲम रिस्पॉन्सिबल' म्हणा, जबाबदारी तेवढीच राहते.

'विच' कधीकधी एका शब्दाकडे नाही तर अख्ख्या वाक्याकडे बोट दाखवतो, 'दे कॅन्सल्ड बोथ मीटिंग्ज, विच सूट्स मी', मीटिंगा दोन असल्या तरी मला सोयीची आहे ती रद्द होण्याची गोष्ट, म्हणून एकवचन. 'टीम'सारख्या शब्दांना ब्रिटिश लोक 'हू आर' पण लावतात, अमेरिकन बहुतेक 'दॅट इज', तुम्ही एक काहीतरी धरा आणि त्याच मेलमध्ये बदलू नका.

आणि डेडलाइन डोक्यावर असताना काहीच सुचलं नाही तर 'विल', 'कॅन', 'मस्ट' घाला किंवा साधा भूतकाळ करा, 'हू विल कम', 'हू केम', तिथे एक-अनेकची कटकटच नाही, फक्त 'वॉज-वेअर' सोडून. त्या मेलचं आम्ही शेवटी 'लिस्ट ऑफ व्हेंडर्स विथ पेंडिंग बिल्स' केलं, हू पण गेला आणि हॅज-हॅव पण.