किडनीच्या आजारात रक्तवाहिन्या जपायच्या, तर या चुका टाळा

किडनीचा जुनाट आजार असलेले बहुतेक जण फक्त क्रिएटिनिनच्या (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) आकड्यावर नजर ठेवतात. पण डायलिसिसची वेळ येण्याआधीच हृदयविकाराने दगावणाऱ्यांची संख्या मोठी आहे, कारण या आजारात रक्तवाहिन्याही बिघडत जातात. त्या जपणारी औषधं चुकीच्या कारणासाठी बंद होतात, ही मला सगळ्यात घातक चूक वाटते.

रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांचंच घ्या. गोळी सुरू होते, क्रिएटिनिन थोडं चढतं आणि 'हिने किडनी खराब केली' म्हणून रुग्ण ती सोडून देतो. मुळात ही औषधं किडनीच्या गाळण्यांमधला दाब उतरवतात, म्हणून सुरुवातीला गाळण्याचा वेग किंचित मंदावतो. पहिल्या चार आठवड्यांत क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढलं, तर औषध सहसा चालूच ठेवतात. वाढ त्याहून जास्त असेल, तर शरीरातलं पाणी कमी झालंय का, किडनीची धमनी अरुंद आहे का, हे डॉक्टर तपासतात. म्हणून गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्याच. पोटॅशियम वाढलं तरी आधी आहार आणि इतर औषधं बघतात. डापाग्लिफ्लोझिन या मधुमेह आणि किडनीच्या आजारातल्या औषधाच्या सुरुवातीलाही गाळण्याच्या वेगात अशीच छोटी घसरण दिसते. मात्र रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन हे रक्तदाबाच्या औषधांचे दोन वेगळे गट आहेत, त्या दोन्ही गटांतल्या गोळ्या एकत्र घेऊ नयेत. त्याने फायदा न होता धोका वाढतो, हे 2008च्या 'ऑनटार्गेट' या औषध-चाचणीत दिसलं.

दुसरी चूक फॉस्फरसची. किडनी तो पुरेसा बाहेर टाकू शकत नाही. मग धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी हाडांच्या पेशींसारख्या वागू लागतात, तिथे कॅल्शियम साचतं आणि धमनी कडक होते. वरचा रक्तदाब चढतो, हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. सेव्हेलामरसारखी फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणासोबतच घ्यावी लागते, कारण ती अन्नातला फॉस्फरस आतड्यातच अडवते. उपाशीपोटी घेतली तर जवळपास वाया जाते. हाडांसाठी म्हणून कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी मनाने घेत राहणंही धोक्याचं. ते जास्त झालं, तर धमन्यांत कॅल्शियम साचायला हातभारच लागतो.

स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीची, गोष्ट वेळेची आहे. डायलिसिसच्या आधीच्या टप्प्यात त्याचा उपयोग होतो. डायलिसिसवर गेल्यानंतर ते नव्याने सुरू करून ठोस फायदा 2005 आणि 2009च्या मोठ्या चाचण्यांत दिसला नाही. आधीपासून चालू असेल, तर डायलिसिस सुरू झालं म्हणून स्वतःहून थांबवू नका.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. रक्तदाबाच्या वरील गोळ्या आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना तर मुळीच नको.

जुलाब-उलट्या झाल्या, की यातली काही औषधं डॉक्टर तात्पुरती थांबवायला सांगतात. त्याच वेळी ती कधी पुन्हा सुरू करायची, हे विचारून लिहून ठेवा. एरवी दोन दिवसांसाठी थांबलेली गोळी महिनोन्‌महिने बंदच राहते.