सोन्याच्या नॅनोरॉडवर काम सुरू करताय? आधी सुपरनेटंट तपासा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक देखणा ग्राफ होता. सोन्याचे नॅनोरॉड, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या कांड्या, दिलेल्या कॅन्सरच्या पेशींवर ८०८ नॅनोमीटरचा लेझर पाच मिनिटं टाकला की जवळजवळ सगळ्या पेशी मरायच्या. नुसत्या लेझरने जिवंत, नुसत्या रॉडने जिवंत. पोस्टरही छापून झालं होतं. तो ग्राफ खोटा होता. मी मुद्दाम केलं नव्हतं, पण खोटा तो खोटाच.

सोनं जवळच्या अवरक्त (नियर-इन्फ्रारेड) प्रकाशात का तापतं आणि त्या उष्णतेने पेशी कशा मरतात हे तुम्ही वाचलेलं असेलच, त्यात शिरत नाही. माझा घोळ झाला तो सीटॅबमध्ये.

रॉड वाढवताना सीटॅब ०.१ मोलर, म्हणजे १०० मिलिमोलर असतं. पण ते साबणाच्या जातीचं रसायन आहे, पेशीचं आवरणच फोडतं, आणि त्याला मायक्रोमोलरमधलं प्रमाणही पुरतं. आता हिशोब मांडा. दहा मिलीची ट्यूब सेंट्रीफ्यूज केली, पेलेटवर, म्हणजे तळाशी बसलेल्या रॉडवर, अर्धा मिली ठेवून वरचं बाकीचं द्रव (हाच सुपरनेटंट) काढलं, पाण्याने परत दहा केलं. वीसपट पातळ. एका धुण्यानंतर ५ मिलिमोलर, दुसऱ्यानंतर ०.२५. वेलमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या पेशींच्या खळग्यात, ते आणखी दहापट पातळ झालं तरी २५ मायक्रोमोलर उरतं. एवढ्यात पेशी तगणं कठीण. लेझरची गरजच नाही!

मग आणखी का धुवायचं नाही? कारण रॉडना एकमेकांपासून दूर ठेवतं ते सीटॅबच, त्यापुढे ते फार कमी झालं की रॉड एकमेकांना चिकटतात. द्रावण करडं-निळं पडतं, तळाशी काळा गाळ बसतो आणि कितीही हलवला तरी परत मिसळत नाही. आठवड्याचं काम जातं, म्हणून हात आखडतो. उपाय साधा आहे: दोनदा धुवा, थायोल-पेग (सोन्याला चिकटून रॉडवर थर देणारा पॉलिमर) घालून रात्रभर ढवळत ठेवा, मग परत दोनदा धुवा. पेग लागलं की रॉड धुणं सोसतात.

मला हे माहीत होतं. पण थायोल-पेग संपलं होतं आणि पोस्टरची मुदत जवळ आली होती. ‘नुसते रॉड’ हा कंट्रोल, म्हणजे तुलनेचा नमुना, जुन्या, पेग लावलेल्या बॅचचा होता. लेझरची प्लेट नव्या, दोनदाच धुतलेल्या बॅचची. ग्रुप मीटिंगमध्ये एमएस्सीच्या एका मुलीने विचारलं, “दादा, दोन्हीकडे बॅच एकच आहे ना?” त्या रात्री मी शेवटच्या धुण्याचा सुपरनेटंट, ज्यात सोनं जवळजवळ नव्हतंच, पेशींवर घातला आणि प्लेट अंधारात ठेवली. सकाळी मायक्रोस्कोपखाली पेशी गोल होऊन, तळापासून सुटून तरंगत होत्या.

म्हणून प्रत्येक प्लेटवर त्याच बॅचचे अंधारातले रॉड आणि त्याच बॅचचा सुपरनेटंट हवाच. गाइड ‘पुढच्या वेळी करू’ म्हणाले तरी ऐकू नका. माझ्या मते मोठ्या नावाच्या गाइडपेक्षा तुमची कच्ची प्लेट बघायला मागणारा गाइड कधीही चांगला. आणि पैसे असतील तर पहिले काही महिने पेग लावलेले तयार रॉड विकत घ्या. काही सीनियर याला पळवाट म्हणतात. मला ते पटत नाही. पेशी आणि केमिस्ट्री एकाच वेळी शिकताना चूक कुठे झाली तेच कळत नाही.

रॉडच होत नसतील तर स्वतःला दोष देऊ नका. सीटॅबचा लॉट बदलून बघा, आयोडाइडचा अंशही रॉड बिघडवतो. एसीच्या खोलीत सीटॅबचं द्रावण २५ अंशांच्या खाली गेलं की बाटलीत पांढऱ्या सुया दिसतात. कोमट करून पूर्ण विरघळल्याशिवाय वापरू नका. आणि ८०८ चा झोत डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. त्या लांबीचा गॉगल नसेल तर लेझर चालू करायचा नाही, एका मिनिटासाठीसुद्धा नाही.

हे काम माणसांपर्यंत पोचतं, हे मात्र विसरू नका. राईस विद्यापीठात नाओमी हॅलास आणि जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचं कवच चढवलेल्या कणांवर काम केलं. अशाच कणांनी प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. खचलो होतो तेव्हा तो पेपर मी परत परत वाचायचो.

पोस्टर मी मागे घेतलं. चार महिन्यांनी, नीट धुतलेल्या रॉडवर, लेझरनंतर ट्रायपॅन ब्लू, म्हणजे फक्त मेलेल्या पेशींना निळं करणारा रंग, घातलं. वेलच्या मधोमध लेझरच्या ठिपक्याएवढं निळं वर्तुळ उमटलं, आणि त्याच्या कडेबाहेरच्या पेशी रंग न घेता तळाला चिकटून होत्या.