पोस्टग्रेस नव्या डिस्कवर हलवताना या चुका टाळा

जुन्या मशीनमध्ये फिरती हार्ड डिस्क, नव्यात एनव्हीएमई एसएसडी. पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर कॉपी झाला, सर्व्हिस चालू झाली, लॉगिन स्क्रीन आली, की काम फत्ते समजून लोक घरी जातात. लॉगिन स्क्रीन आली म्हणजे डेटा धड आला असं मुळीच नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, इंडेक्स जुनेच ठेवले

इंडेक्स म्हणजे नोंदी पटकन शोधायची सूची. ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, कारण ती एररही देत नाही. एका पतसंस्थेचा डेटाबेस उबुंटू १६.०४ वरून २०.०४ वर नेला होता. पोस्टग्रेसची आवृत्ती दोन्हीकडे तीच, म्हणून त्यांच्या माणसाने सरळ फोल्डर उचलून ठेवला. मला बोलावलं तेव्हा काउंटरवरची बाई सांगत होती की १०४-२ हा खाते क्रमांक टाकला की ‘खाते सापडले नाही’ येतं, पण सगळ्या खात्यांची यादी काढली की तेच खाते समोर दिसतं. एव्हाना तिने काही सभासदांची खाती नव्याने उघडलीही होती. एकच क्रमांक दोनदा येऊ न देणाऱ्या युनिक इंडेक्सने अडवायला हवं होतं, पण त्यालाही जुनी नोंद सापडत नव्हती.

कारण साधं आहे. मजकुराच्या कॉलमवरचा इंडेक्स ठरावीक क्रमाने लावलेला असतो, आणि तो क्रम पोस्टग्रेस सहसा लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीला विचारतो. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ मध्ये हा क्रम बराच बदलला. ११ आणि १-१ यांत जुनी लायब्ररी ११ आधी लावते, नवी १-१ आधी. जुन्या क्रमाने लावलेल्या इंडेक्समध्ये नव्या क्रमाने शोधलं की नोंद असूनही हाती लागत नाही.

रीइंडेक्स, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधायला गेलो तर तोही अडला, कारण दुबार नोंदी आत शिरल्या होत्या. कुठल्या खात्यात कुठली पावती गेली हे कागदी वह्यांशी ताडून पाहावं लागलं. त्या संस्थेतल्या माणसांनी रविवारसुद्धा त्यात घातला.

म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बदलत असेल तर मी फोल्डर कॉपी करतच नाही. पीजी-डंप, म्हणजे सगळ्या डेटाची निर्यात, काढतो आणि नव्या मशीनवर रिस्टोर करतो, मग रात्र गेली तरी चालेल. रिस्टोरमध्ये इंडेक्स नव्याने बांधले जातात. डेटा फारच मोठा असेल आणि कॉपीशिवाय इलाज नसेल, तर ॲप्लिकेशन जोडण्याआधी पूर्ण रीइंडेक्स. नंतर नाही, आधी. पोस्टग्रेस १५ पासून कोलेशनची (मजकूर लावण्याच्या क्रमाची) आवृत्ती जुळली नाही तर वॉर्निंग येते. ती वाचा. ‘वॉर्निंगच तर आहे’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता राग येतो.

माउंट पॉइंटलाच डेटा फोल्डर बनवणं

नवी डिस्क ज्या फोल्डरला जोडली (माउंट केली), तिथेच थेट डेटा ठेवतात. एखाद्या रीबूटला डिस्क माउंट झाली नाही की त्या जागी उरतो रिकामा फोल्डर. सुरू होताना रिकाम्या जागी आपोआप नवा डेटाबेस तयार करणारी स्क्रिप्ट असेल, तर पोस्टग्रेस हसतमुखाने चालू होतो आणि आत काहीच नसतं. मी माउंट पॉइंटच्या आत एक फोल्डर करतो, त्याची मालकी पोस्टग्रेसच्या युजरला देतो आणि वरचा माउंट पॉइंट रूट (ॲडमिन) युजरकडेच ठेवतो. डिस्क नसेल तर सर्व्हिस चालूच होता कामा नये. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) डिस्क यूयूआयडीने, म्हणजे तिच्या ओळख क्रमांकाने लिहा. एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर अदलाबदल होऊ शकतात.

कमिट हळू वाटले म्हणून एफसिंक बंद करणं

एफसिंक म्हणजे प्रत्येक कमिट (पक्की केलेली नोंद) खरोखर डिस्कवर उतरवून घेणारी सेटिंग. ती बंद कृपया करू नका. जुन्या सर्व्हरमध्ये बॅटरीवाल्या कॅशचं रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड असेल, तर छोटे कमिट तिथे पटापट व्हायचे. बाजारातली साधी एसएसडी प्रत्येक कमिट खरोखर डिस्कवर उतरवायला वेळ घेते. एफसिंक बंद केला की वेग येतो, आणि वीज गेली की डेटाबेस खराब होऊ शकतो. आपल्याकडे वीज जाते. पॉवर लॉस प्रोटेक्शन (वीज गेली तरी हातातलं लिखाण वाचवणारी सोय) असलेली डिस्क घ्या, आणि घेतल्यावर पोस्टग्रेससोबत येणारं पीजी-टेस्ट-एफसिंक चालवून डिस्कवर लिहिण्याच्या वेगाचे आकडे बघा.

बाकीच्या, थोडक्यात

सर्व्हर चालू असताना फोल्डर कॉपी केलात तर ती कॉपी फेकून द्या. बंद करून घ्या, नाहीतर चालू सर्व्हरची कॉपी घेणारं पीजी-बेसबॅकअप वापरा.

टेबलस्पेस (टेबलं ठेवायच्या वेगळ्या जागा) वेगळ्या डिस्कवर असतील तर डेटा फोल्डरमध्ये त्यांच्या फक्त सिमलिंक, म्हणजे तिकडे बोट दाखवणाऱ्या खुणा असतात. खरा डेटा मागेच राहतो.

पीजी-डंपमध्ये युजर आणि त्यांचे पासवर्ड येत नाहीत. ते पीजी-डंप-ऑलने वेगळे काढा.

रिस्टोर झाल्यावर ॲनालाइझ (पोस्टग्रेसला डेटाचा अंदाज देणारा आदेश) चालवा. ते न करता ‘नवी मशीन हळू आहे’ म्हणू नका.

रँडम पेज कॉस्टचा (विखुरलेलं वाचन किती महाग धरायचं त्या सेटिंगचा) डिफॉल्ट ४ हा आकडा फिरत्या डिस्कसाठी आहे. एसएसडीवर मी १.१ ठेवतो.

आणि जुनी मशीन त्याच संध्याकाळी फॉरमॅट करू नका. मी महिनाअखेरचे रिपोर्ट दोन्हीकडे जुळेपर्यंत तिला हात लावत नाही. पण तिचा डेटाबेस मोकळाही सोडत नाही. पीजी-एचबीए या, कोणाला जोडू द्यायचं ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये बाहेरच्या सगळ्या जोडण्या नाकारून ठेवतो. मग कोपऱ्यातला एखादा विसरलेला पीसी अजून जुन्याच पत्त्यावर नोंदी टाकू पाहत असेल, तर त्याचा आयपी लॉगमध्ये दिसतो.