वाढीव कामाचा वाद बिलाआधीच मिटवा
"हे काम तुम्हीच वाढवायला सांगितलं होतं," हे ठेकेदाराचं वाक्य घर बांधून घेणाऱ्याला नेमकं शेवटच्या बिलाच्या वेळी ऐकू येतं.

साइटवर तोंडी ठरलं की त्याच दिवशी ठेकेदाराला मेसेज टाका: काय वाढलं, माप किती, दर काय, मुदत किती लांबेल. त्याचा होकार आल्यावरच काम सुरू.

पाइप, वायरिंग, सळया असं झाकलं जाणारं काम असेल तर आधी टेप लावून फोटो काढा. टेपवरचे आकडे आणि शेजारची दाराची चौकट दोन्ही दिसू द्या, नाहीतर भिंत कुठली यावरच नवा वाद. स्लॅब भरल्यावर सळयांमधलं अंतर कोण दाखवणार?

एक मात्र सांभाळा: वाद एकाच बाबीचा असेल तर सगळं बिल अडवू नका, करार मोडल्याचा ठपका तुमच्यावरच येऊ शकतो.